आंतड्याचा कर्करोग : उपचारांचा हिशेब



१८५३ सालच्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस बोरीबंदरहून निघालेली आपल्या देशांतील पहिली उतारूंची आगगाडी ठाण्यास येऊन थांबली. त्या ठाण्याच्या स्थानकापासून नौपाडा अगदीं हांकेच्या अंतरावर आहे. या लोहमार्गानें नौपाड्याला नोकऱ्या दिल्या, व्यापार दिला, मुंबईचीं कॉलेजें जवळ आणलीं. परंतु याच मार्गानें रोज सकाळीं कांहीं उतारू निराळ्याच कामासाठीं जात असतात. त्यांच्या कांखेंत तपासणीच्या कागदांची जाड फाइल असते आणि त्यांना परळला उतरावयाचें असतें. तेथें टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. यांपैकीं कित्येकांच्या रोगाचें नांव त्यांच्या शेजाऱ्यांनाहि ठाऊक नसतें. कारण ज्या अवयवाला तो झालेला असतो, त्याचें नांव चारचौघांत घेण्याची आपल्याकडे चाल नाहीं. मोठें आंतडें आणि त्याचा शेवटचा भाग जो गुदाशय, यांच्या कर्करोगावरील उपचारांविषयीं आज बोलावयाचें आहे.

या उपचारांची कथा ही कोणा एका धन्वंतरीच्या चमत्काराची कथा नव्हे. तींत भेटतात तीं आपल्याच कामाचा हिशेब ठेवणारीं माणसें. किती रुग्णांवर शस्त्र चालविलें, किती वांचले, किती जणांत रोग उलटला, हें टिपून ठेवणारीं आणि आंकडे आपल्याविरुद्ध गेले तरी ते छापणारीं. ज्या ज्या वेळीं असा हिशेब मांडला गेला, त्या त्या वेळीं उपचार एक पाऊल पुढें सरकला. या हिशेबांत रोग्याचें आणि त्याच्या घरच्यांचेंहि एक खातें आहे. तें कोणतें, हें शेवटीं पाहूं.

प्रथम रोगाचें स्वरूप. मोठें आंतडें सुमारें दीड मीटर लांब असतें. त्याच्या आंतल्या अस्तरावर कधीं कधीं एखादा लहानसा कोंब उगवतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक कोंब निरुपद्रवी राहतात. थोड्यांच्या पेशींत मात्र एकामागून एक बिघाड होत जातो आणि बहुधा दहा-एक वर्षांच्या अवधीनंतर त्यांतल्या एखाद्याचा कर्करोग बनतो. तो प्रथम आंतड्याच्या भिंतींत शिरतो, मग भिंत ओलांडून जवळच्या रसग्रंथींत जातो आणि पुढें रक्तावाटे यकृतांत किंवा फुप्फुसांत जाऊन बसतो. पहिल्या पायरीवर गांठला तर तो बहुधा बरा होतो. अडचण अशी कीं, त्या पायरीवर तो दुखत नाहीं. फार तर शौचाच्या वेळीं थोडें रक्त दिसतें आणि त्या रक्ताला आपल्या घरोघरीं एकच नांव आहे : मूळव्याध. मूळव्याधीचें ज्ञान आपल्याकडे फार जुनें. सुश्रुतानें अर्शावर औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. ही व्याधि इतकी ओळखीची असल्यामुळेंच तिच्या आड दुसरी लपून राहूं शकते.

अठराव्या शतकांत युरोपांतील वैद्यहि या रोगापुढें हतबल होते. १७७६ सालीं फ्रान्समधील रुआं शहरीं पिलोर नांवाच्या शस्त्रवैद्याकडे एक दारूचा व्यापारी आला. गुदाशयाच्या कर्करोगानें त्याचा मलमार्ग पूर्ण बंद झाला होता. वजनानें अडथळा ढकलला जाईल या समजुतीनें त्याला आधीं सुमारें दोन पौंड पारा पाजण्यांत आला होता! पिलोरनें पोटावर छेद घेऊन आंतड्याला तेथेंच वाट करून दिली. रोग्याला आराम पडला. परंतु अठ्ठाविसाव्या दिवशीं तो वारला. शवपरीक्षेंत दिसलें कीं, त्याचा प्राण घेतला तो शस्त्रक्रियेनें नव्हे, तर आंतड्यांत अडकून बसलेल्या पाऱ्यानें. या एका नोंदीवरून पुढील वैद्यांना कळलें कीं, पोटावर केलेली शौचाची वाट मनुष्य सहन करूं शकतो. १८२६ सालीं पॅरिसमध्यें लिस्फ्रांकनें गुदाशयाचा रोगट भाग खालून कापून काढला. त्या वेळीं भूल देण्याची सोय नव्हती. ईथरची भूल १८४६ सालीं आली आणि लिस्टरची जंतुनाशक पद्धति १८६७ सालीं. त्यानंतर कोठें शस्त्रवैद्यांना पोट उघडण्याचें धाडस होऊं लागलें.

परंतु पोट उघडावयाचें कशासाठीं, हें दाखवून दिलें लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनीं. १८९९ ते १९०६ या काळांत त्यांनीं ५७ रुग्णांचा गुदाशय खालच्या बाजूनें कापून काढला आणि मग त्या रुग्णांचें पुढें काय झालें, याचा माग काढला. ५७ पैकीं ५४ जणांना रोग पुन्हा झाला होता. दुसरा एखादा शस्त्रवैद्य हा आंकडा मनांत ठेवून गप्प बसला असता. माइल्स यांनीं मृतांच्या शवपरीक्षा करून रोग कोठें कोठें उलटला तें पाहिलें. रोग केवळ खालीं व बाजूंना न जातां वरच्या दिशेनें, आंतड्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या कडेनें, पोटांत चढतो. आणि खालून शस्त्र चालविणाऱ्याचा हात तेथवर पोहोंचतच नाहीं, हें त्यांना उमगलें. १९०८ सालच्या डिसेंबरांत 'लॅन्सेट' या नियतकालिकांत त्यांनीं आपली नवी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. प्रथम पोट उघडून वरून आणि मग खालून, असा दोन्ही बाजूंनीं सारा भाग रसग्रंथींसह काढून टाकावयाचा. तिची किंमत जबर होती. पहिल्या बारांपैकीं पांच रुग्ण दगावले. जे वांचले त्यांना जन्मभर पोटावरच्या वाटेनें शौचास जावें लागलें. तरीहि रोग उलटण्याचें प्रमाण पुष्कळ घटलें, म्हणून पुढील कित्येक वर्षें हीच शस्त्रक्रिया जगभर रूढ राहिली.

त्याच लंडन शहरीं १८३५ सालीं फ्रेडरिक सामन यांनीं गरिबांसाठीं सात खाटांचें एक रुग्णालय उघडलें होतें. तेंच पुढें सेंट मार्क्स रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आलें. तेथील रोगविकृतितज्ज्ञ कथबर्ट ड्यूक्स हे शस्त्रक्रियेंत काढलेलीं आंतडीं तपासून रोग किती खोल गेला याची नोंद करीत. १९३२ सालीं त्यांनीं त्याच्या तीन पायऱ्या ठरविल्या. रोग भिंतीच्या आंतच असेल तर 'ए', भिंतीपार गेला असेल तर 'बी' आणि रसग्रंथींत शिरला असेल तर 'सी'. वर्गवारी दिसावयास साधी. पण तिच्यामुळें एका गांवच्या रुग्णांची दुसऱ्या गांवच्या रुग्णांशीं खरी तुलना करतां येऊं लागली. ड्यूक्स यांच्या नोंदींतून असेंहि निघालें कीं, रोग खालच्या दिशेनें क्वचितच पसरतो. मग गांठ पुरेशी वर असेल तर गुदद्वार काढून टाकण्याचें कारण काय? अमेरिकेंतील मेयो क्लिनिकचे क्लॉड डिक्सन यांनीं १९४८ सालीं आपले आंकडे देऊन दाखविलें कीं, मधला भाग काढून दोन्ही टोकें परत जोडलीं तरी रुग्ण चांगले जगतात. पुढें असंख्य लोकांची पोटावरची पिशवी त्यामुळें टळली.

तरी एक कोडें उरलें. शस्त्रक्रिया उत्तम झाली असें वाटूनहि कित्येक रुग्णांत, कोठें पांचांत एकाला तर कोठें तिघांत एकाला, ओटीपोटांत गांठ परत येई. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गांवचे शस्त्रवैद्य बिल हील्ड यांनीं १९८२ सालीं याचें उत्तर दिलें. गुदाशयाभोंवतीं चरबीचें एक वेष्टण असतें आणि त्यावर अतिशय पातळ पापुद्रा. हात घालून ओढून काढण्याच्या जुन्या रीतींत तें वेष्टण फाटे आणि रोगाचे कण मागें राहत. संत्र्याची फोड पापुद्र्यासकट अलग करावी, त्याप्रमाणें हील्ड यांनीं तें सबंध वेष्टण डोळ्यांनीं पाहत, न फाडतां सोडविलें. १९८६ सालीं त्यांनीं दिलेल्या हिशेबांत, पांच वर्षांत तेथें गांठ परत येण्याचें प्रमाण चार टक्क्यांहूनहि कमी होतें. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. केवळ कापण्याची जागा बदलली होती. पुढें नेदरलंडमध्यें अठराशेंहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००१ सालीं लागला. या शस्त्रक्रियेच्या आधीं थोडे दिवस किरणोपचार दिले तर दोन वर्षांत गांठ परत येण्याचें प्रमाण ८.२ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर येतें, असें तींत आढळलें.

शस्त्र व किरण जेथें पोहोंचत नाहींत तेथें औषध पोहोंचावें, ही पुढची पायरी. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत चार्ल्स हायडेलबर्गर यांचें लक्ष एका लहानशा निरीक्षणाकडे गेलें. उंदरांच्या यकृतांतील कर्करोगाच्या गांठी युरॅसिल नांवाचें द्रव्य निरोगी पेशींपेक्षां अधिक वापरतात, असें आढळलें होतें. त्यांनीं युरॅसिलमधील हायड्रोजनचा एक अणु काढून तेथें फ्लोरिनचा बसविला. भुकेली पेशी तें नेहमींचें खाद्य समजून आंत घेते आणि मग नवें डीएनए बनविण्याचें तिचें काम अडतें. १९५७ सालीं प्रसिद्ध झालेलें हें फ्लुओरोयुरॅसिल आजहि या रोगाच्या औषधयोजनेचा पाया आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतर औषध दिल्यानें आयुष्य वाढतें काय, याचा निर्णय होण्यास आणखी तीस वर्षांहून अधिक काळ लागला. रसग्रंथींत रोग शिरलेल्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वांटणी करून मेयो क्लिनिकच्या चार्ल्स मोर्टेल यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० सालीं दाखविलें कीं, औषध घेणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण एक-तृतीयांशानें घटतें. त्या योजनेंत लेव्हामिझोल हें जंतांवरचें औषधहि होतें. पुढील चाचण्यांत त्याची गरज दिसली नाहीं आणि तें गळून पडलें.

२००४ सालीं ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाची भर पडली. त्यानें गुण येतो. पण हातापायांना मुंग्या येतात आणि कित्येकांना त्या वर्षानुवर्षें सतावतात. तें सहा महिन्यांऐवजीं तीनच महिने दिलें तर? सहा चाचण्यांतील १२,८३४ रुग्णांचे आंकडे एकत्र करून २०१८ सालीं उत्तर मिळालें कीं, कमी धोक्याच्या पुष्कळशा रुग्णांना तीन महिने पुरतात. अधिक उपचार म्हणजे उत्तम उपचार, ही समजूत हिशेबानें अशी मोडली. ब्राझिलमधील साओ पाउलोच्या शस्त्रवैद्य अँजेलिता हाब्र-गामा त्याच्या आधींच या वाटेनें गेल्या होत्या. किरण आणि औषध यांनीं ज्यांच्या गुदाशयांतली गांठ पूर्णपणें विरली, त्यांच्यावर शस्त्र न चालवितां केवळ बारीक लक्ष ठेवावें, असें त्यांनीं सुचविलें. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली. २००४ सालीं त्यांनीं २६५ रुग्णांचा हिशेब पुढें ठेवला. त्यांतील ७१ जणांची गांठ नाहींशी झाल्यामुळें त्यांची शस्त्रक्रिया टळली होती. आज अनेक देशांत निवडक रुग्णांसाठीं हा मार्ग मान्य झाला आहे.

आतां एका शिवणकाम करणाऱ्या बाईची हकीकत सांगितली पाहिजे. १८९५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत तिनें डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलें कीं, 'आमच्या घराण्यांतलीं पुष्कळ माणसें आंतड्याच्या नाहीं तर गर्भाशयाच्या कर्करोगानें गेलीं. मीहि तशीच जाणार.' पुढें ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगानें वारली. वॉर्थिन यांनीं तिचें बोलणें खुळचट म्हणून सोडून दिलें नाहीं. त्यांनीं त्या घराण्याचा वंशवृक्ष तयार केला आणि १९१३ सालीं प्रसिद्ध केला. हेन्री लिंच यांनीं १९६० नंतर तो धागा उचलला. १९९३ सालीं त्यामागचा दोष सांपडला. डीएनएची नक्कल होतांना पडणाऱ्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच अशा घराण्यांत बिघडलेली असते. चुका सांठत गेल्यानें गांठीच्या पेशी शरीराच्या संरक्षक पेशींना परक्या दिसूं लागतात. मग संरक्षक पेशींचा लगाम औषधानें सैल केला तर त्या स्वतःच गांठीवर तुटून पडतील, हा तर्क २०१५ सालीं जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनीं खरा करून दाखविला. २०२२ सालीं न्यूयॉर्कच्या आंद्रेआ सर्सेक यांनीं गुदाशयाच्या अशा रुग्णांना डॉस्टारलिमॅब हें औषध सहा महिने दिलें. उपचार पुरा केलेल्या पहिल्या बाराहि जणांची गांठ शस्त्रावांचून व किरणांवांचून नाहींशी झाली. हा दोष गुदाशयाच्या शंभर रुग्णांत पांच-दहा जणांतच आढळतो आणि औषधाची किंमत फार मोठी आहे. म्हणून हुरळून जाण्याचें कारण नाहीं. परंतु एका बाईच्या घरगुती बोलण्याची नोंद एका डॉक्टरानें ठेवली नसती, तर हा दिवस कितपत लवकर उगवला असता, याचा विचार करावा.

आपल्याकडे हा हिशेब कसा सुरू झाला? सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें परदेशीं निवर्तल्या. पुढच्याच वर्षीं दोराबजीहि गेले. त्यांच्या ट्रस्टनें परळला उभारलेलें रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं सांभाळली. गोमंतकीय घराण्यांत १८९५ सालीं जन्मलेले खानोलकर हे रोगविकृतिशास्त्राचे आपल्या देशांतील आद्य आचार्यांपैकीं एक. कोणत्या समाजांत, कोणत्या संवयीपायीं, कोणता कर्करोग अधिक होतो, हें मोजण्याची दृष्टि त्यांनीं दिली. शस्त्रक्रियेच्या बाजूला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस होते. रुग्णालयाच्या रस्त्याला आज त्यांचेंच नांव आहे. १९६२ सालीं ही संस्था केंद्र सरकारच्या अणुशक्ति खात्याकडे गेली. तिचें खारघर येथील संशोधन केंद्र ठाण्याहून पनवेलच्या लोकलनें गांठतां येतें.

रुग्णालयाच्या दारांत येणाऱ्यांची मोजणी म्हणजे समाजाची मोजणी नव्हे. म्हणून डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानें १९५१ सालीं स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीनें १९६३ सालीं मुंबईंतील कर्करोग्यांची नोंदवही सुरू केली. एका सबंध लोकवस्तीची नोंद ठेवणारी देशांतील ही पहिली नोंदवही. १९८७ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें खेड्यापाड्यांसाठीं तशीच नोंद सुरू झाली. ग्रामीण भागांत ती पहिलीच. या नोंदींवरून कळलें कीं, आंतड्याचा कर्करोग आपल्याकडे पाश्चात्य देशांच्या मानानें पुष्कळ कमी आणि खेड्यांत तर फारच कमी. सरकारी तपासणी-मोहिमेंत मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा समावेश आहे, याचा नाहीं.

परंतु 'कमी' या शब्दानें फसगत होते. २०१३-१४ या एका वर्षांत टाटा रुग्णालयांत नोंदलेल्या या रोगाच्या ८०० रुग्णांचा अभ्यास तेथील डॉक्टरांनीं प्रसिद्ध केला आहे. त्या रुग्णांचें सरासरी वय सुमारें ४७ वर्षें निघालें! पाश्चात्य देशांत हा बहुतांशीं साठी-सत्तरीचा रोग. आपल्या लोकसंख्येंत तरुणांचा भरणा अधिक, हें या फरकाचें एक कारण खरें. पण घरच्या माणसांना या स्पष्टीकरणाचा काय उपयोग? ४७ वर्षांचा मनुष्य म्हणजे घर चालविणारा. मुलें शाळेंत, वडील मंडळी त्याच्यावर विसंबून. आणि या रुग्णांची सर्वांत मोठी तक्रार कोणती होती? निम्म्याहून अधिक जणांची एकच : शौचावाटे रक्त पडणें. म्हणजे ज्याला आपण मूळव्याध म्हणून घरांत दडवितों, तेंच लक्षण.

गुदाशयाच्या खालच्या भागांतली गांठ डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटाला लागते. तपासणी मिनिटभराची आणि खर्च जवळजवळ कांहींच नाहीं. त्याहून वर पाहावयाचें तर दुर्बिणीची तपासणी आहे. १९६९ पासून त्याच दुर्बिणींतून तारेच्या फांसानें कोंब कापून काढतां येतो आणि पुढें होणारा कर्करोगच टळतो. पण रोगी संकोचानें सांगत नाहीं आणि सांगितलें तरी पुष्कळदां न तपासतांच मलम लिहून दिलें जातें. विदर्भ-मराठवाड्यांतून परळला येणाऱ्या रोग्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणीं बिऱ्हाड करावें लागतें. नौपाड्याचा रोगी त्या मानानें भाग्यवान, तो तासाभरांत दारांत पोहोंचतो. तोहि रोग तिसऱ्या पायरीवर गेल्यावर पोहोंचला, तर दोष आगगाडीचा म्हणतां यावयाचा नाहीं.

हिशेबाचें एक ताजें पान आपल्या मासुंदा तलावाच्या काठीं रोज फेऱ्या मारणाऱ्यांना आवडेल. आंतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व औषधोपचार झालेल्या ८८९ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडून तीन वर्षें देखरेखीखालीं व्यायाम करवून घेतला, त्यांच्यांत आठ वर्षांनीं शेंकडा ९० जण जिवंत होते. ज्यांना केवळ माहितीची पुस्तिका दिली, त्यांच्यांत ८३. व्यायाम तरी केवढा? आठवड्यांतून तीन-चार वेळां पाऊण-एक तास झपाझप चालण्याइतका. तो औषधाऐवजीं नव्हे, औषधानंतर करावयाचा, हें मात्र विसरूं नये.

आतां आपलें खातें. शौचावाटे रक्त जाणें, शौचाच्या संवयींत झालेला आणि तीन-चार आठवडे टिकलेला बदल, कारणावांचून येणारा अशक्तपणा किंवा रक्ताची कमतरता, जवळच्या नातलगाला लहान वयांत झालेला हा रोग, यांपैकीं कांहीं असेल तर डॉक्टरांकडे जाऊन स्पष्ट शब्दांत सांगावें आणि तपासणी मागून घ्यावी. रक्त म्हणजे कर्करोगच, असें मुळींच नाहीं. बहुतेकांना मूळव्याधच असते. पण तें तपासून ठरवावयाचें काम डॉक्टरांचें, आपल्या तर्काचें नव्हे. माइल्स यांनीं ५४ हा आंकडा लपविला असता तर पुढील पिढ्यांचे रुग्ण वांचले नसते. आपल्या घरांतील एखादे वडील किंवा मातोश्री कित्येक महिने असाच एक आंकडा मनांत ठेवून बसल्या असतील. आज जेवणें आटोपल्यावर त्यांना शेजारीं बसवून घ्या आणि आडपडदा न ठेवतां विचारा.